कांचेच्या नळींतील कलम
(लिंबूवर्गीय झाडांच्या निरोगी रोपाचा इतिहास)



संत्रें सोलून त्याच्या फोडी मुलांच्या हातावर ठेवतांना त्यांतील बीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. बी आपण टाकून देतों. आज जो इतिहास मी आपणांस सांगणार आहें तो या टाकलेल्या बीपासून सुरू होतो आणि कांचेच्या एका नळींत, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका शेंड्यापाशीं येऊन पोहोंचतो. मी शास्त्रज्ञ नव्हें. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलेला एक मास्तर आहें. या विषयाकडे मी वळलों तो घरच्या एका दुःखामुळें. तेव्हां त्याचा उल्लेख प्रथमच करून टाकणें बरें.

विदर्भांत माझ्या वडिलांची दोनशें झाडांची संत्र्यांची बाग होती. कलमें त्यांनीं नांवाजलेल्या एका रोपवाटिकेंतून स्वतः निवडून आणलीं होतीं. पांचव्या वर्षीं झाडांनीं फळ धरलें; त्या वर्षीं माझ्या थोरल्या बहिणीचें लग्न झालें. आठव्या वर्षापासून मात्र कांहीं झाडांचे शेंडे वाळूं लागले, पानें पिवळीं पडलीं, फळें बारीक व आंबट येऊं लागलीं, आणि पुढील सहा-सात वर्षांत बागेच्या जागीं सरपणाचे ढीग उभे राहिले. वडील अखेरपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले. मोहोर यावा म्हणून संत्र्याचें पाणी कांहीं काळ तोडतात, त्यास आमच्याकडे ताण देणें म्हणतात. ‘माझाच ताण चुकला,’ असें ते म्हणत. अशा मरणाचें एक कारण रोपाबरोबरच, कलमाच्या डोळ्यांत बसून, घरीं येत असतें हें मला पुष्कळ वर्षांनीं पुस्तकांतून समजलें. तोंवर वडील राहिले नव्हते.

रोपाबरोबर रोग येतो म्हणजे काय होतें, हें समजण्यासाठीं आधीं हीं झाडें वाढवितात कशीं तें पाहिलें पाहिजे. लिंबू, मोसंबी, संत्रें, ईडलिंबू, महाळुंग हें सर्व एकच कुटुंब. बी पेरून झाड होतें, पण तें उशिरा फळतें, अंगभर कांटे बाळगतें आणि पुष्कळदां मातेच्या गुणाचें निघत नाहीं. म्हणून माळी डोळा भरतात. जंबेरीसारख्या कणखर जातीचें रोप वाढवून त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यावयाची, चांगल्या झाडाच्या काडीवरील एक डोळा सालीसह काढून त्या चिरेंत बसवावयाचा व वरून पट्टी बांधावयाची. खालच्या झाडाला खुंट म्हणतात. डोळा फुटला कीं वरचें सर्व झाड त्या चांगल्या मातेचें होतें, आणि तेंही लवकर फळणारें.

या युक्तीनें मानवजातीला गोड फळ दिलें यांत शंका नाहीं. आपला संस्कृत ‘नारंग’ शब्द अरबांच्या मुखांतून स्पेनला जाऊन ‘नारांखा’ झाला, तसें हें फळही पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलें. परंतु डोळा हा मातेच्या जिवंत शरीराचा तुकडा आहे. तिच्या रसांत रोगाचें बीज असेल तर डोळ्यांतही तें असणार, आणि एका झाडाच्या काड्यांपासून हजार कलमें बांधलीं तर त्या हजारांच्या अंगीं तें बसणार. गोडी वाढविणारा चाकू रोगही वाढवीत होता, आणि हें शेंकडों वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

तें ध्यानांत कसें आलें त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. इ. स. १८४२ च्या सुमारास अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटांवर संत्र्यांच्या झाडांच्या बुंध्याला डिंक येऊन तीं पटापट मरूं लागलीं. हा जमिनींतील बुरशीचा रोग होता. आमच्याकडे त्यास डिंक्या म्हणतात. कडू संत्र्याच्या खुंटाला हा रोग फारसा बाधत नाहीं असें दिसून आल्यावर भूमध्यसागराच्या कांठच्या व अमेरिकेच्या बागाइतदारांनीं कडू संत्र्यावर कलमें बांधण्याचा सपाटा लावला. डिंक्या आटोक्यांत आला आणि सर्वजण निश्चिंत झाले.

ही निश्चिंतता फार काळ टिकली नाहीं. इ. स. १९३० नंतर अर्जेंटिना व ब्राझील या देशांत कडू संत्र्यावर बांधलेलीं झाडें अकस्मात् मरगळूं लागलीं. ब्राझीलमध्यें या रोगाला ‘त्रिस्तेझा’, म्हणजे खिन्नता, असें नांव पडलें. ज्यानें आपलें झाड असें उभ्याउभ्या म्लान होतांना पाहिलें आहे त्याला हें नांव किती समर्पक आहे तें सांगावयास नको. इ. स. १९४६ सालीं ब्राझीलमधील मेनेगिनी यांनीं हा रोग मावा नांवाच्या किडीमुळें एका झाडावरून दुसऱ्यावर जातो हें सिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत फॉसेट व वॉलेस यांनीं तेथील झाडांच्या अशाच मरणामागें विषाणु असल्याचें दाखविलें. हा विषाणु कडू संत्र्याच्या खुंटाशीं जेथें कलम जुळलें असेल तेथील सालींतल्या अन्नवाहिन्या मारतो. पानांनीं तयार केलेलें अन्न खालीं उतरत नाहीं, मुळें उपाशी मरतात, आणि मागाहून झाड. म्हणजे जो खुंट डिंक्यावर उपाय म्हणून आणला, तोच त्रिस्तेझाचें भक्ष्य ठरला.

ब्राझीलच्या बागाइतदारांनीं मग खुंट बदलला. त्यांनीं जो नवा खुंट घेतला तो रंगपूर लिंबाचा. बंगालमधील रंगपूर गांवाचें नांव असें जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोंचलें. या खुंटावर त्रिस्तेझाचा जोर चालत नव्हता. पण आतां निराळेंच संकट उभें राहिलें. रंगपूर खुंटाच्या सालीला भेगा पडून तिचे पापुद्रे सुटूं लागले आणि झाडें खुरटलीं. हा एक्झोकॉर्टिस नांवाचा रोग जुन्या झाडांच्या डोळ्यांत पूर्वीपासूनच लपून होता. कडू संत्र्याच्या खुंटावर तो दिसत नव्हता इतकेंच. तेव्हां कोठें विचारी लोकांची खात्री पटली कीं, केवळ खुंट बदलीत राहून या फेऱ्यांतून सुटका होणार नाहीं. डोळाच निरोगी केला पाहिजे.

निरोगी डोळा कोठून आणावा? उत्तर मिळालें तें टाकून दिलेल्या बीमध्यें. सूक्ष्मदर्शकाचा प्रसिद्ध उपासक लेवेनहूक यानें इ. स. १७१९ सालीं संत्र्याच्या एका बींत एकाहून अधिक गर्भ असल्याचें नमूद केलें होतें. इ. स. १८७८ सालीं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यानें त्याचें मर्म उलगडलें. परागसंयोगानें होणारा गर्भ एकच. बाकीचे गर्भ बीजांडांतील मातेच्याच पेशींपासून उपजतात. त्यांत पित्याचा अंश नसल्यामुळें तीं रोपें हुबेहूब मातेच्या गुणाचीं होतात. शिवाय डोळ्यांतून उतरणारे बहुतेक रोग त्यांत उतरत नाहींत. कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें फ्रॉस्ट यांनीं अशा रोपांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला, आणि ब्राझीलनें पुढें एक्झोकॉर्टिसच्या तडाख्यांतून वर येण्यास याच रोपांचा आश्रय घेतला.

पण निसर्ग एका हातानें देतो व दुसऱ्यानें मोबदला मागतो. हें रोप गुणानें मातेचें असलें तरी वयानें बालक असतें. त्याला कांटे फार, वाढ उभी आणि फळाला पुष्कळ वर्षें वाट पाहावयाची. दुसरें असें कीं, नेव्हल संत्र्याला बीच नसतें, आणि क्लेमेंटाइन संत्र्याच्या बींत एकच गर्भ असतो व तोही संकरज. त्यांना ही वाट बंदच होती.

येथें ऊति-संवर्धनाचें शास्त्र या कथेंत प्रवेश करतें. वनस्पतीची सुटी पेशी योग्य अन्नरसांत जगविली तर तिच्यापासून पूर्ण वनस्पति व्हावी, हा विचार हाबरलांट यानें इ. स. १९०२ सालीं मांडला. त्याला स्वतःला मात्र त्यांत यश आलें नाहीं. इ. स. १९५२ सालीं फ्रान्समध्यें मोरेल व मार्तें या दोघांनीं रोगट डेलियाच्या शेंड्याचें अगदीं टोंक कापून तें अन्नरसावर वाढविलें आणि त्यापासून विषाणुमुक्त झाड मिळविलें. कारण असें कीं, वाढत्या शेंड्याच्या टोंकांत रसवाहिन्या अद्याप तयार झालेल्या नसतात आणि तेथील पेशी इतक्या झपाट्यानें वाढतात कीं विषाणु बहुधा मागें पडतो.

लिंबूवर्गाच्या बाबतींत पहिल्या प्रयत्नांपैकीं एक आपल्या देशांत झाला, ही गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे. दिल्ली विद्यापीठांत पंचानन महेश्वरी यांच्या हाताखालीं वनस्पतींच्या गर्भाचा अभ्यास करणारी एक मोठी परंपरा निर्माण झाली होती. तेथें महेश्वरी व एन. एस. रंगस्वामी यांनीं लिंबूवर्गांतील एका जातीच्या बीजांडांतल्या त्या मातृपेशी कांचेच्या नळींत वाढवून त्यांपासून गर्भ व रोपें मिळविलीं. त्यांचा निबंध इ. स. १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. इ. स. १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं तंबाखूच्या पेशींसाठीं जो अन्नरस ठरविला तो आज जगभर प्रयोगशाळांतून वापरतात. हेच मुराशिगे पुढें रिव्हरसाइडला गेले, आणि तेथें इ. स. १९६८ सालीं रंगन, मुराशिगे व बिटर्स यांनीं एकगर्भी जातींच्याही बीजांडांतून मातेच्या गुणाचीं रोपें काढून दाखविलीं. बंद वाट उघडली. परंतु रोप अजून बालकच होतें.

तेव्हां मोरेलची युक्ति लिंबूवर्गाला कां लावूं नये, असा प्रश्न सहजच निघतो. अडचण अशी होती कीं, संत्र्याचा इवलासा शेंडा अन्नरसावर एकट्यानें जगत नाहीं. इ. स. १९७२ सालीं मुराशिगे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर तोड काढली. शेंडा एकटा जगत नसेल तर त्याला नळींतच खुंट द्यावा! माळी बागेंत जें करतो तेंच त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं केलें. या रीतीला पक्कें रूप मिळालें तें इ. स. १९७५ सालीं, स्पेनचे लुईस नवारो, तसेच रॉइस्टाचर व मुराशिगे यांच्या निबंधानें.

ती कृति अशी. खुंटाचें बी सोलून, जंतुरहित करून, नळींत अंधारांत उगवितात. दोन आठवड्यांत पांढुरकें, लांबट रोप होतें. त्याचा माथा छाटून दीड सेंटिमीटर देंठ ठेवतात. दाळी व बाजूचे अंकुर काढून टाकतात आणि मूळही आखूड करतात. देंठाच्या माथ्यापाशीं उलट्या टी अक्षरासारखी चीर देतात. मग मातृवृक्षाच्या कोंवळ्या फुटीचें टोंक कापतात. त्यांत वाढीचा बिंदु आणि अजून पानें न झालेले दोन-तीन अंकुर एवढेंच असतें. त्याची उंची एक मिलिमीटरचा सहावा-सातवा भाग, म्हणजे मोहरीच्या दाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा. हा कण चिरेंत बसवून रोप अन्नरसांत ठेवतात. कांहीं आठवड्यांत त्याला दोन-चार पानें फुटतात, आणि मग त्याला नळींतून कुंडींत आणतात. शंभर कलमांपैकीं तीस ते पन्नास जगलीं तर काम चांगलें झालें असें समजतात.

सुधारणा म्हणतात ती या बारीकसारीक गोष्टींत होती. टोंक मोठें घेतलें तर कलम अधिक जगतें, पण त्याबरोबर रोगही येण्याचा संभव वाढतो. लहान घेतलें तर रोग टळतो, पण कलम मरतें. यांतला मध्य शोधून काढणें, अन्नरसांत साखरेचें प्रमाण वाढविणें, खुंटाचें नेमकें वय ठरविणें, कांहीं चिवट रोगांसाठीं मातृवृक्ष आधीं उष्णतेंत ठेवणें, अशा लहान लहान पायऱ्यांनीं ही विद्या उभी राहिली. आणि तिचें फळ केवढें! शेंडा प्रौढ झाडाचा असल्यामुळें रोप प्रौढच राहिलें. बालपणाचे कांटे नाहींत, कीं फळाची लांबण नाहीं. गुण मातेचे, वय मातेचें, आणि रोग मात्र मागें राहिलेला.

रोग खरोखर गेला कीं नाहीं हें मात्र तपासल्याशिवाय सांगतां येत नाहीं. या तपासणींत आपल्या ओळखीचीं दोन झाडें साक्षीदार म्हणून उभीं राहतात याचें मला मोठें कौतुक वाटलें. आपलें कागदी लिंबू त्रिस्तेझाचा विषाणु अंगीं येतांच पानांच्या शिरा पारदर्शक करून दाखवितें. आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें महाळुंग आहे, त्याच जातीचें झाड एक्झोकॉर्टिस लागतांच पानें मुरडून घेतें. आज रासायनिक तपासण्या पुष्कळ निघाल्या आहेत, तरी या मुक्या साक्षीदारांची साक्ष अनेक दिवस प्रमाण मानली जात होती.

नव्या विद्येची खरी कसोटी स्पेनमध्यें लागली. तेथें त्रिस्तेझा इ. स. १९५७ सालीं व्हॅलेन्शिया भागांत आढळला, आणि पुढें त्यानें कडू संत्र्यावरील सुमारें चार कोटी झाडांचा बळी घेतला. नवारो मायदेशीं परतले आणि इ. स. १९७५ पासून व्हॅलेन्शियाजवळच्या मोंकादा येथें त्यांनीं देशांतील उत्तम जातींचीं झाडें एकेक करून या रीतीनें शुद्ध करण्यास घेतलीं. शुद्ध झालेलीं मूळ झाडें किडीपासून बंदिस्त जागेंत राखावयाचीं, त्यांच्यापासून डोळ्यांचे मळे करावयाचे, आणि रोपवाटिकांना डोळे तेथूनच द्यावयाचे, असा हा क्रम. नळींत बनलेलें एकच रोप अशा रीतीनें लाखों झाडांची आजी होते. स्पेनच्या बागा पुन्हां उभ्या राहिल्या त्या याच डोळ्यांवर.

आतां आपल्या घराकडे येऊं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून संत्रें विदर्भांत रुजलें अशी परंपरा आहे, आणि नागपुरी संत्र्याला इ. स. २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु शेंडेमरीचा शापही जुनाच. इ. स. १९५८ सालीं वासुदेव व कपूर यांनीं त्यावेळच्या मुंबई राज्यांतील झाडांच्या ऱ्हासाचा त्रिस्तेझाशीं संबंध दाखविला. इ. स. १९६३ सालीं पुण्यास काम करणाऱ्या कपूर यांनीं ग्रीनिंग नांवाचा दुसरा घातक रोग आपल्याकडे असल्याचें कळविलें, आणि इ. स. १९६७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिट्रस सिला ही चिमुकली कीड तो पसरविते हें सिद्ध केलें. इ. स. १९८५ सालीं नागपुरास लिंबूवर्गीय फळांसाठीं राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. आज तें केंद्रीय संस्था म्हणून ओळखलें जातें, आणि तेथें नळींतील कलमाच्या याच रीतीनें निरोगी मातृवृक्ष तयार करतात.

कोणी विचारील, जळगांवकडे केळीचीं ऊति-संवर्धित रोपें लाखोंनीं लावतात, तशीं संत्र्याचीं कां मिळत नाहींत? केळ आपल्याच मुळांवर उभी राहते; संत्र्याला डिंक्या व खराब जमीन सोसणारा खुंट लागतो. शिवाय प्रौढ झाडाच्या काष्ठमय फुटी नळींत जंतुरहित राखून भराभर वाढविणें कठीण. म्हणून नळींत फक्त शुद्धि करावयाची व वाढ जुन्या चाकूनेंच, अशी वांटणी झाली आहे. खुंटांच्या बाबतींत मात्र अलीकडे पालट होत आहे. फ्लोरिडांत बियांचा तुटवडा पडल्यामुळें नव्या खुंटांचीं रोपें नळ्यांतून वाढवूं लागले आहेत.

फ्लोरिडाचें नांव निघालें तेव्हां एक इशाराही दिला पाहिजे. तेथें ग्रीनिंगचा रोग इ. स. २००५ सालीं आढळला. २००३–०४ च्या हंगामांत तेथें संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२३–२४ त त्या दोन कोटींच्याही खालीं आल्या. वादळांचाही यांत हात होता, पण मुख्य अपराधी हा रोग. नळींतील कलम या रोगापासूनही रोपाला मुक्त करतें. परंतु मुक्त झालेलें रोप उघड्यावर ठेवलें तर सिला त्याला पुन्हां बाधा करते. लस टोंचल्याप्रमाणें त्याला पुढचें संरक्षण मिळत नाहीं. ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतानें हें ओळखून इ. स. २००३ पासून सर्व रोपवाटिका कीडबंद जाळीखालीं असल्याच पाहिजेत असा नियम केला. प्रयोगशाळेनें शुद्ध केलेलें रोप शुद्ध राखणें हें रोपवाटिकेच्या प्रामाणिकपणाचें काम आहे, आणि तें मागून घेणें हें विकत घेणाऱ्याचें.

आपण शहरांत राहणारे. आपली बाग म्हणजे फार तर गच्चीवरील कुंडी. पण रोप विकत घेतांना ‘याचा डोळा कोणत्या झाडाचा, तें झाड तपासलेलें आहे काय, रोप जाळीखालीं वाढलें काय’ एवढें विचारण्यास आपल्यालाही कांहीं अडचण नाहीं. गांवाकडे ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं तर हें विचारल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. हिरवीगार पानें पाहून निवडलेलें रोप निरोगी असतेंच असें नाहीं. माझ्या वडिलांनीं पानेंच पाहून निवड केली होती, कारण पाहण्यासारखें दुसरें कांहीं त्यांच्यापुढें कोणी ठेवलेंच नव्हतें.

आमच्या बागेंतील झाडें नक्की कोणत्या रोगानें गेलीं हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. तीं तपासण्यापूर्वींच जळून गेलीं. त्यांत ताणाचाही कांहीं भाग असेल. पण सर्व दोष आपल्या माथीं घेऊन गेलेल्या त्या शेतकऱ्याला, कलमाच्या डोळ्यांतूनही मरण येऊं शकतें एवढें एक वाक्य त्यावेळीं कोणी सांगितलें असतें, तर त्याचें मन पुष्कळ हलकें झालें असतें. तें वाक्य आज आपणांस सांगण्याची संधि मिळाली.